मेहर बाबा आणि पट्टकादंब

हवेला वजन असतं हे तुम्ही शाळेत पाठ केलंय. काठीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडायचा, तो प्रयोगही केला असेल. पण वजन असतं म्हणजे किती? आपली ही खोली धरा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. हिच्यात किती हवा मावत असेल? धाकटी म्हणते पावशेर. थोरला म्हणतो फार तर किलोभर. दोघंही सपशेल आपटलात! समुद्रकाठच्या गावातल्या अशा खोलीत ३४ किलो हवा असते, म्हणजे सहावी-सातवीतल्या एका पोराएवढी. आता हीच खोली उचलून लडाखात लेहला नेऊन ठेवली, तर आतली हवा भरेल २४-२५ किलो. मधले नऊ-दहा किलो कुठे गेले?

आजची गोष्ट त्या नऊ-दहा किलोंची आहे, आणि त्यांचा हिशेब डोक्यात ठेवून विमान चालवणाऱ्या एका माणसाची. नाव मेहर सिंग. हवाई दलात सगळे त्यांना मेहर बाबा म्हणायचे. नगरजवळच्या मेहेराबादचे मौन पाळणारे मेहेरबाबा ते वेगळे हं! यांचं मौनाशी फारसं जमलं नसावं, आणि वरिष्ठांशीही त्यांचं नेहमीच जमलं असं नाही. पण विमान हातात आलं की या माणसासारखा दुसरा नाही, हे त्यांच्याशी भांडणारेही कबूल करायचे.

जन्म १९१५चा, लायलपूरचा. आता ते गाव पाकिस्तानात आहे, फैसलाबाद म्हणतात. १९३४ साली इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात गेले, १९३६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. तेव्हा भारतीय हवाई दल म्हणजे जेमतेम एक स्क्वाड्रन. विमानं वापिती नावाची, एकावर एक अशा दोन पंखांची, वैमानिक उघड्यावर बसायचा. काम वायव्य सरहद्दीवर, वझिरीस्तानच्या डोंगरांत. तिथे एकदा खालून झाडलेली गोळी त्यांच्या विमानाच्या इंधनटाकीला लागली. शत्रूच्या मुलखात, खडकाळ दरीत विमान आदळत उतरवावं लागलं. ते आणि त्यांचा जोडीदार अंधाराचा फायदा घेऊन पायी चालत आपल्या लष्करी ठाण्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी मेहर सिंग पुन्हा विमानात.

मग आलं दुसरं महायुद्ध. डिसेंबर १९४२मध्ये तिरुचिरापल्लीला सहावी स्क्वाड्रन उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख झाले मेहर सिंग. विमानं हरिकेन, काम टेहळणीचं. ब्रह्मदेशातल्या घनदाट रानावरून खालून उडायचं, जपानी सैन्य कुठे आहे, पूल कुठे आहे, रस्ता कुठे नवा कापलाय, ते बघायचं, फोटो काढायचे आणि जिवंत परत यायचं. शेवटची अट सगळ्यात अवघड. इंग्रजांच्या चौदाव्या सेनेला या स्क्वाड्रनची इतकी सवय झाली की तिला सेनेचे डोळेच म्हणायला लागले. १९४४ साली मेहर सिंगांना डीएसओ हे मोठं पदक मिळालं. त्या सबंध महायुद्धात भारतीय हवाई दलातल्या फक्त एका माणसाला ते मिळालंय.

आता डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर एक करून बघा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवा. जमत नाही ना? दोन डोळे एकाच वस्तूकडे जराशा वेगळ्या जागेवरून बघतात, आणि त्या दोन चित्रांतल्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. टेहळणीच्या विमानातला कॅमेरा हीच युक्ती करतो. तो सरळ रेषेत जाताना एकामागून एक असे फोटो काढतो की प्रत्येक फोटोतला अर्ध्याहून जास्त भाग पुढच्या फोटोतही यावा. मग ते दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून बघायचे, उजव्या डोळ्याला एक, डाव्याला दुसरा. सपाट कागदावरची झाडं, घरं, मातीचे ढिगारे एकदम उभे राहतात! रानात झोपडीएवढा उंचवटा दिसला की बघणारा सावध. तिथे एक तर डेपो असायचा, नाहीतर तोफ.

लपणारेही काही कमी नव्हते. तोफेवर हिरव्या फांद्या तोडून टाकल्या की वरून सगळं रानच दिसतं. त्यावर त्याच युद्धात एक फार सुरेख तोड निघाली. आपल्या डोळ्यांना पान हिरवं दिसतं, कारण हिरवा उजेड ते परत फेकतं. पण आपल्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड ते हिरव्याहून कितीतरी पट जास्त परत फेकतं. झाडावरचं जिवंत पान त्या उजेडात झळझळतं. फांदी तोडली, पान वाळायला लागलं, की आतल्या पेशी आकसतात आणि ती झळाळी मंदावते. डोळ्यांना पान अजून हिरवंच दिसतं, पण त्या उजेडाची फिल्म घातलेला कॅमेरा फसत नाही. ही फिल्म अमेरिकेत तयार झाली ती लपवलेल्या तोफा हुडकायला. आज आपले उपग्रह त्याच पद्धतीने वरून बघतात की विदर्भातला कापूस पाण्यावाचून सुकायला लागलाय का, मराठवाड्यात सोयाबीन किती उभं आहे. युद्धासाठी केलेली वस्तू शेतकऱ्याच्या कामी आली, असं क्वचित घडतं. इथे घडलं.

महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली. ऑक्टोबर १९४७मध्ये काश्मीरवर टोळीवाले चालून आले. २७ तारखेला भल्या सकाळी डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवायला सुरुवात केली. काश्मीरच्या या सगळ्या हवाई कामाची सूत्रं मेहर सिंगांकडे होती. श्रीनगरच्या तळावर लढाऊ विमानांच्या विंगचे प्रमुख कोण होते, माहितेय? आपले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर! दोघांनाही त्या लढाईत महावीर चक्र मिळालं. मुळगावकर पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले आणि २०१५ साली पुण्यात वारले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन.

डाकोटा म्हणजे लढाऊ विमान नव्हे बरं का. दोन पंख्यांचं, पोट सुटलेलं, मालवाहू विमान. पंखांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत २९ मीटर. मेहर बाबांनी त्यातून काय काय करून घेतलं! प्रसंगी बॉम्ब आत ठेवून दारातून हातांनी बाहेर ढकलले. पूंछला तर कहर केला. पूंछ गाव वेढ्यात सापडलेलं, आत हजारो निर्वासित, खायला अन्न नाही. डिसेंबर १९४७मध्ये सैनिक आणि गावकरी यांनी मिळून तिथे एक छोटी धावपट्टी केली. भोवती ओढे, समोर डोंगर, वर डोंगरावर शत्रू. पहिलं डाकोटा तिथे मेहर सिंगांनी स्वतः उतरवलं. पुढे रात्री, तेलाच्या दिव्यांच्या उजेडात, तोफा घेऊन ते तिथे उतरले. पुढारी असावा तर असा. अवघड जागी आधी आपण जायचं, मग दुसऱ्यांना पाठवायचं.

पण मला सांगायचंय ते लेहचं.

मे १९४८. कारगिल शत्रूच्या हातात गेलं होतं. पुढचं गाव लेह, आणि तिथे आपले सैनिक मूठभर. रस्त्याने कुमक पाठवायची तर जोझी ला ही खिंड वाटेत, आणि तिथे शत्रू. राहिली एकच वाट, आकाशाची. लेहला सोनम नोर्बू नावाचे एक लडाखी अभियंते होते. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधू नदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात, काही आठवड्यांत, धावपट्टी तयार केली. दगड वेचले, जमीन सारखी केली. यंत्रं कुठली? फावडी आणि माणसं. आता प्रश्न एवढाच उरला की तिथे विमान उतरेल का. कारण तेवढ्या उंचीवर, त्या पर्वतांमधून जाऊन विमान उतरवण्याचा अनुभव तेव्हा कुणापाशी नव्हता म्हटलं तरी चालेल.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीन हजार मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवलं की आलं लेह. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश. पाणी ८९-९० अंशांनाच उकळतं, म्हणून कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही. डाळीचं हे दुखणं आणि विमानाचं दुखणं एकच, पातळ हवा.

कसं ते नीट ऐका. विमान उचललं जातं ते हवा पंखांवरून वाहते म्हणून. हवा पातळ असेल तर तेवढीच उचल मिळायला विमानाला जास्त वेगाने जावं लागतं. समजा खाली एखादं विमान ताशी १४० किलोमीटरने जमिनीला टेकत असेल, तर लेहला ते ताशी १६५च्या आसपास टेकणार. गंमत पुढेच आहे. वैमानिकासमोरचा वेग दाखवणारा काटा हे सांगतच नाही! कारण तो काटा खरा वेग मोजत नाही, नळीत शिरणाऱ्या हवेचा जोर मोजतो. पातळ हवा जास्त वेगाने शिरली काय आणि दाट हवा कमी वेगाने शिरली काय, काटा तोच आकडा दाखवतो. वैमानिक काट्याकडे बघतो तर सगळं नेहमीसारखं. खिडकीतून बघतो तर जमीन भलत्याच वेगाने अंगावर धावून येतेय. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवून वेग कमी केला, की पंखांची उचल संपली आणि विमान खाली आदळलं. काट्यावर विश्वास ठेवला तर विमान नीट टेकतं, पण थांबायला सुमारे चाळीस टक्के जास्त धावपट्टी लागते, कारण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. उतरण्यापूर्वी हे सगळं गणित डोक्यात पक्कं पाहिजे. वर इंजिनालाही पुरेशी हवा मिळत नाही. डाकोटाच्या इंजिनात हवा दाबून भरणारा पंप असतो, पण त्यालाही मर्यादा. कागदावर त्या विमानाची मजल साधारण २४ हजार फुटांपर्यंत, आणि मेहर सिंगांनी ते त्या वाटेवर २३-२४ हजार फुटांपर्यंत नेलं. म्हणजे विमानाची ताकद जिथे संपते तिथवर.

२४ मे १९४८. सोबत होते भूदलाचे जनरल थिमय्या. त्या डाकोटाची केबिन हवाबंद नव्हती, पंखांवरचं बर्फ काढायची सोय नव्हती आणि त्या वाटेचा भरवशाचा हवाई नकाशा नव्हता.

बर्फाचं थोडं सांगतो, कारण ते फार फसवं प्रकरण आहे. पाणी शून्य अंशाला गोठतं असं तुम्ही शिकलात. ढगातल्या बारक्या थेंबांना हे कुणी सांगितलेलं नसतं. थेंब स्वच्छ असेल, त्यात बर्फाचा कण धरायला धुळीचा योग्य कण नसेल, तर तो उणे दहा, उणे वीस अंशांनाही पाणीच राहतो. अगदी शुद्ध थेंब तर उणे ३८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाहीत. असे लाखो थेंब ढगात निमित्ताची वाट बघत लोंबकळत असतात. तिथे विमानाचा पंख आला, थेंब त्यावर आपटला, की त्या क्षणी बर्फ. थरावर थर चढतो, पंखाचा आकार बिघडतो, उचल जाते, वजन वाढतं. वाट काढायची तर ढग चुकवून. आणि खाली हिमालय असला की ढग चुकवायला जागा मागून मिळत नाही.

धाकटी विचारते, "आजोबा, पण इतक्या वर त्यांना श्वास कसा घेता येत होता?"

चांगलं विचारलंस. लोक म्हणतात उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो. ते अर्धंच खरं. शंभर भागांत २१ भाग प्राणवायू, हे प्रमाण अलिबागच्या किनाऱ्यावरही तेच आणि २४ हजार फुटांवरही तेच. कमी होतो तो दाब. २४ हजार फुटांवर तो समुद्रकाठच्या चाळीस टक्क्यांच्याही जरा खाली येतो. फुप्फुसातून रक्तात प्राणवायू शिरतो तो या दाबाच्या जोरावर. जोरच नसेल तर नाकापुढे हवा असून उपयोग नाही. नळीने जादा प्राणवायू घेतला नाही तर तुमच्या-माझ्यासारख्याचं डोकं काही मिनिटांत चालेनासं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला ते कळत नाही! उलट मजा वाटते. वैमानिकांना शिकवताना एका बंद खोलीतला दाब हळूहळू कमी करतात आणि कागदावर सोपी गणितं करायला देतात. सुरुवातीचं अक्षर नीट असतं. मग ओळी उतरायला लागतात, आकडे वेडेवाकडे होतात, शेवटी नुसत्या रेघोट्या. मास्क लावून शुद्धीवर आल्यावर तो गडी म्हणतो, मी तर सगळी बरोबर सोडवली होती! नखं निळी पडलीत का ते बघा, असं त्यांना शिकवतात ते याचसाठी.

आणि याच उंचीवर एक पक्षी आपली पोरंबाळं घेऊन, मास्क न लावता, पंख मारत जातो.

त्याचं नाव पट्टकादंब. राखाडी रंगाचा हंसाच्या जातीचा पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे, चोच नि पाय पिवळे-नारिंगी. वजन दोन-तीन किलो. उन्हाळ्यात हा लडाखात त्सो मोरीरीसारख्या तळ्यांवर, तिबेटात आणि मंगोलियात अंडी घालतो, आणि थंडीत थेट आपल्याकडे येतो. उजनीच्या फुगवट्यावर, नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीला. मधे हिमालय आडवा पडलाय याची त्याला फिकीर नाही. शास्त्रज्ञांनी भारतात आणि मंगोलियात या पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवली आणि उपग्रहांमार्फत त्यांचा माग काढला. बहुतेक पक्षी खिंडी-खिंडींतून, साडेपाच-सहा हजार मीटरच्या खालून जाताना दिसले. उगाच उंच जायची हौस त्यांना नाही. पण एकाची नोंद झाली ७,२९० मीटरची. फुटांत करा बरं. २३,९०० फुटांच्या जरा वर! मेहर बाबांचं डाकोटा जिथवर गेलं, बरोबर तिथवर.

कसं जमतं त्याला? एक तर पक्ष्यांचं फुप्फुस आपल्यासारखं नसतं. आपण ज्या वाटेने हवा आत घेतो त्याच वाटेने बाहेर सोडतो, त्यामुळे जुनी-नवी हवा मिसळते. पक्ष्यांच्या फुप्फुसाला पुढे-मागे हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेतानाही ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. पट्टकादंबाचं फुप्फुस त्यातही मोठं, श्वास खोल. आणखी एक. आपण भराभरा श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि चक्कर येते. पक्ष्यांचं तसं होत नाही. पण खरी करामत रक्तात आहे. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या चार लांबलचक साखळ्या. पट्टकादंबाच्या एका साखळीत ११९व्या जागी प्रोलिन नावाच्या मण्याऐवजी ॲलनिन नावाचा मणी बसलाय. शंभराहून जास्त मण्यांच्या साखळीत एक मणी वेगळा! तेवढ्याने ते हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरतं, आणि दाब कमी असतानाही फुप्फुसातून तो उचलून घेतं. माणसाने इंजिनाला हवा दाबायचा पंप बसवला. निसर्गाने एक मणी बदलला. मला विचाराल तर दुसरा अभियंता जास्त हुशार.

आता त्याची अक्कल बघा. भारतातून उत्तरेला जाताना हा पक्षी हिमालयाची चढण सात-आठ तासांत चढून जातो, मधे कुठे सराव करायला थांबत नाही. गिर्यारोहकाने असं केलं तर तो मरेल. आणि तो चढतो ते पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. शास्त्रज्ञांना आधी वाटलं होतं की दिवसा दरीतून वर जाणाऱ्या वाऱ्याचा तो फायदा घेत असेल. पण नाही! फुकटचा वारा त्याने सोडला, आणि रात्रीची थंड हवा पत्करली. थंड हवा दाट असते. दाट हवेत पंखाला उचल जास्त, श्वासात प्राणवायू जास्त, आणि वारा शांत. लेहला आजही बहुतेक विमानं सकाळीच येतात-जातात, ती याच हिशेबाने. दुपारी उघडे-बोडके डोंगर तापतात, हवा आणखी पातळ होते, आणि दरीत वारा घोंगावायला लागतो. विमान कंपन्यांनी जे वेळापत्रक छापलंय, ते या पक्ष्याने फार आधी बसवलं होतं.

तर त्या दिवशी डाकोटा लेहला उतरलं. सोनम नोर्बूंची धावपट्टी पुरली. वाट आहे हे एकदा कळल्यावर मागोमाग इतर डाकोटा गुरखा सैनिकांना घेऊन उतरायला लागली आणि लेह वाचलं. मेहर सिंगांनी त्या दिवशी लढाई केली नाही, गोळी झाडली नाही. एक विमान एका जागी उतरवलं. नकाशावर लडाख आज जिथे आहे तिथे असण्यात त्या उतरण्याचा वाटा मोठा आहे, असं मी तरी मानतो.

लोक त्यांच्या गोष्टी सांगताना "कसला बेडर माणूस!" म्हणतात. बेडर होतेच. पण नुसत्या बेडरपणावर कुणी त्या हवेतून परत येत नाही. पूंछची दरी, लेहची पातळ हवा, ब्रह्मदेशातलं पावसाळी आभाळ, यांचा स्वभाव त्यांनी ओळखला होता.

पण हवेचा एक स्वभाव असा आहे की तो ओळखूनही पुरत नाही. पुढे मेहर सिंगांनी हवाई दल सोडलं आणि ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार झाले. मार्च १९५२मध्ये जम्मूहून दिल्लीला स्वतः विमान घेऊन निघाले असताना रात्री वादळात ते विमान पडलं. वय अवघं ३६.

वादळी ढगाच्या आत काय चालतं हे महायुद्ध संपेपर्यंत माणसाला कुठे नीट माहीत होतं? युद्ध संपल्यावर, १९४६ आणि १९४७ साली, अमेरिकेत ते शोधायचं ठरलं. युद्धातली रात्रीची लढाऊ विमानं घेतली, वेगवेगळ्या उंचीवर एकावर एक पाच विमानं, आणि वैमानिकांना सांगितलं, शिरा ढगात! ज्या ढगापासून वैमानिक पळतात त्यात मुद्दाम शिरायचं, तेही हजाराहून अधिक वेळा. फ्लोरिडात एक उन्हाळा, ओहायोत दुसरा. त्यातून कळलं की वादळी ढग म्हणजे एक अखंड राक्षस नव्हे, तर छोट्या छोट्या कोठड्यांचा समूह. एकेका कोठडीचं आयुष्य तासाभराच्या आत-बाहेर. आधी नुसती हवा वर चढते. मग थेंब इतके जड होतात की पाऊस खाली कोसळतो आणि आपल्याबरोबर थंड हवा ओढून आणतो. या वेळी एकाच ढगात शेजारी-शेजारी एक झोत वर जात असतो आणि एक खाली. विमान त्या दोघांच्या मधून गेलं तर त्याला एक हात आभाळाकडे ओढतो, दुसरा जमिनीकडे. शेवटी खालचा झोत जिंकतो आणि ढग विरतो. आज विमानाच्या नाकात रडार असतं, ते पावसाचे थेंब पडद्यावर दाखवतं, आणि वैमानिक अशा ढगाला दहा-वीस मैल वळसा घालून जातो. १९५२ सालच्या लहान विमानात ते कुठलं असणार?

मेहर बाबांचं नाव हवाई दल विसरलेलं नाही. २०१८ साली हवाई दलाने ड्रोनच्या थव्यांसाठी एक स्पर्धा काढली, तिचं नावच मेहर बाबा. पूर-भूकंपात मदत करायला पाच-पन्नास ड्रोन एकदम उडवायचे, एकमेकांवर न आदळता, आणि सगळ्यांना हाकणारा कुणी एक नाही. अवघड वाटतं? रोममध्ये साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांचे हजारोंचे थवे संध्याकाळी आभाळात नक्षी काढतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलं की प्रत्येक पक्षी सगळ्या थव्याकडे बघतच नाही, जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो, आणि तेवढ्यावर सगळा थवा सांभाळला जातो. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर येणाऱ्या भोरड्या या त्यांच्याच चुलतबहिणी.

तर या डिसेंबर-जानेवारीत आई-बाबांच्या मागे लागा आणि सोलापूर रस्त्यावर भिगवणला जा. उजाडायच्या आत पोचा. मच्छीमारांच्या होड्या मिळतात, पण पक्ष्यांच्या फार जवळ होडी घ्यायला लावू नका, ते बिचकून उडतात आणि दमलेल्या पाहुण्याला उगीच उडवू नये. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर कुणाची मागून न्या. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी पक्षी दिसला की तो पट्टकादंब. मोजून किती दिसले ते वहीत लिहून आणा आणि मला दाखवा.